बाइकचा हेडलाइट बदलताय? आधी या चुका टाळा

गोरेगावहून पवईकडे आरेच्या रस्त्याने रात्री येणाऱ्याला चांगल्या हेडलाइटचं मोल सांगावं लागत नाही. दोन्ही बाजूंना झाडं, मध्येच स्पीडब्रेकर आणि समोरच्याचा अप्पर थेट डोळ्यांत. एका पावसाळी रात्री मला खड्डा कळला तो पुढचं चाक त्यात गेल्यावरच. दुसऱ्याच दिवशी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एलईडी बल्ब आणला. "टाका साहेब, दिवस उजाडेल," दुकानदार म्हणाला. उजाडला, पण झाडांच्या शेंड्यांवर. रस्ता होता तस्साच.

चूक माझीच. आजार न बघता औषध आणलं होतं. जुनी गाडी असेल तर आधी हेडलाइटची पिवळी पडलेली काच आणि बल्बमागचा काळवंडलेला आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर बघा. मग मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, लाइट चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. माझ्या गाडीत बॅटरीवर १३.६ आणि होल्डरवर १२.२ निघालं. दीड व्होल्टने काय होतं, असं वाटेल. पण हॅलोजनचं व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड जवळपास ३० टक्के घटतो! करंट बॅटरीतून निघून इग्निशन स्विच, हँडलचा स्विच, बारीक वायर असा फिरत येतो आणि प्रत्येक गंजलेल्या जोडावर व्होल्टेज थोडं थोडं सांडतं.

इलाज स्वस्त आहे, रिले, म्हणजे थोड्याशा करंटने चालू होणारा मोठ्या करंटचा स्विच. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर थेट हेडलाइटपर्यंत न्यायची आणि जुन्या वायरने फक्त रिले चालू करायचा. लो बीम (डिपर) आणि हाय बीमला (अप्पर) वेगवेगळा रिले, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. अर्थिंगची वायरही नवी टाका, ती सगळे विसरतात. मात्र आयडलला लाइट मंद आणि रेस दिली की झगझगीत होत असेल, तर ती थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागावर चालते. अशा गाडीला रिले लावून लोड बॅटरीवर टाकलात, तर सकाळी किक मारत बसाल.

काही जण ३५ वॉटच्या जागी सरळ १००/९० वॉटचा (हाय/लो) बल्ब ठोकतात. ३ अँपिअरच्या वायरिंगमधून ८ अँपिअर ओढल्यावर होल्डर वितळतो, दुसरं काय होणार?

आता एलईडी. हॅलोजनच्या एच४ बल्बमध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. तीच वर जाणारा झोत कापते. रिफ्लेक्टर त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे झाली की फोकस फिसकटतो. म्हणून बल्बची कॉलर (होल्डरमध्ये बसणारी कडी) फिरवून चिपा डावी-उजवीकडे तोंड करून बसवा, वर-खाली नको. पूर्ण हेडलाइट मागवत असाल तर तो डावीकडून चालणाऱ्या देशांचा आहे ना, ते बघा. नाहीतर झोताचा उंच भाग समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जातो.

निळसर पांढरा, ६००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) उजेड दुकानात भारी दिसतो. जुलैत ओल्या डांबरावर तो नुसता परत चमकतो. मला ४३०० च्या आसपासचा मानवला. आणि एलईडी बल्बला थंड ठेवणारा पंखा मावत नाही म्हणून हेडलाइटच्या मागचं रबरी झाकण (बूट) काढून ठेवू नका. पहिल्याच पावसात काचेच्या आत धुकं जमतं, आणि हॅलोजनसारखी ऊब नसल्याने ते लवकर वाळतही नाही.

शेवटी झोत लावणं. हवा बरोबर भरून, सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. भिंतीवर हेडलाइटच्या मध्याइतकी खूण करा. लो बीमची वरची कड तिच्या ५ ते ७ सेंटीमीटर खाली यायला हवी. मागे कोणी बसलं की मागचे शॉक दबतात आणि झोत वर जातो, म्हणून रोजचं वजन गाडीवर हवंच. मी रात्री अकराला सोसायटीच्या पार्किंगमध्ये बायकोला मागे बसवून भिंत बघत होतो. "हेच दाखवायला खाली आणलंस?" तिने विचारलं. झोत वर-खाली करायचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा बाकी होता.