पोलीस घरी आले तर पहिल्या 24 तासांत काय करायचं? कलम 22 वापरायला शिका

"डिजिटल अरेस्ट"चे किस्से आता प्रत्येकाच्या नात्यात एखादा तरी सापडेल. व्हिडिओ कॉलवर खाकीतला माणूस, मागे अशोकस्तंभ, "तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, कॉल कट केला तर लगेच अटक", आणि चांगली शिकलीसवरलेली, पेन्शनर माणसं दार लावून मोबाईलसमोर बसून राहतात, एफडी मोडतात. हे एवढं सहज जमतं कारण अटक नक्की कशी होते, तेव्हा आपल्या हातात काय असतं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क पाठ केले, मार्क मिळाले, विषय संपला. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा ही कळकळीची विनंती.

आधी तो कॉल. भारतात व्हिडिओ कॉलवर अटक नावाचा प्रकार कायद्यात नाहीच. पैसे भरा म्हणजे सोडतो असं कुठलंही पोलीस स्टेशन, सीबीआय, ईडी फोनवर सांगू शकत नाही. कॉल कट करा, पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकत जातात.

आता खरे पोलीस. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर सरळ उचलून न्यायचं नसतं, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. पूर्वी तिला 41अ ची नोटीस म्हणायचे, 1 जुलै 2024 पासून बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) लागू झाला आणि ती 35(3) ची झाली, स्टेशनात अजून जुनाच नंबर ऐकू येतो. अटक करायचीच असेल तर ती का गरजेची आहे याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. नोटीस आली तर घाबरून गावाला पळू नका, उलट वकिलाला दाखवून दिलेल्या तारखेला जा, हजर राहिल्याची पोच मागा, कारण नोटीस पाळणाऱ्याला कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही आणि न पाळणाऱ्याला करता येते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती कायदेशीर बजावणी धरली जात नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. तरी डिलीट करू नका, वकिलाला दाखवा आणि स्टेशनात खात्री करून घ्या.

साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाई, 15 च्या आतला मुलगा, 60 च्या वरचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना स्टेशनला बोलवता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं. हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. आणि बाईला अटक करायची तर सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतं.

आणि समजा घेऊनच गेले. इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. घटनेचं कलम 22(2) म्हणतं की अटकेपासून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, प्रवासाचा वेळ तेवढा सोडून. आता गंमत बघा कुठे होते, सकाळी अकराला "साहेबांनी चौकशीला बोलावलंय" म्हणून नेतात, दिवसभर बाकावर बसवून ठेवतात आणि अटक रात्री साडेनऊला दाखवतात, म्हणजे घड्याळ रात्रीपासून सुरू. मुंबई हायकोर्टाने फार पूर्वीच सांगितलंय की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं तिथूनच अटक सुरू होते, कागदावरची वेळ काहीही असो. पण ते कोर्टात दाखवायला पुरावा लागतो. म्हणून घरच्यांनी लगेच, त्याच मिनिटाला, वकिलाला मेसेज टाकावा: कोण, किती वाजता, कुठून, कुठल्या स्टेशनच्या लोकांनी नेलं. शक्य असेल तर तोच मजकूर पोलीस आयुक्त किंवा एसपी ऑफिसला ईमेल. बिल्डिंगचं सीसीटीव्ही फुटेज लगेच सेव्ह करून घ्या, काही दिवसांत ते पुसलं जातं.

अटक पंचनाम्यावर सही करण्याआधी तारीख आणि वेळ वाचा. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, हा नियम डी. के. बसू केसमधून आला. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून पश्चिम बंगालच्या लीगल एडच्या या गृहस्थांनी 1986 मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि डिसेंबर 1996 मध्ये निकाल आला. एका पत्रावरून देशभरातल्या पोलिसांना नियम लागू झाले, मला तरी हे फार मोठं वाटतं.

अटकेची कारणं लेखी मागा. "वरून ऑर्डर आहे" हे कारण नव्हे. महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलं की कारणं लेखी, आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची, तेव्हाच्या तेव्हा जमलं नाही तरी रिमांडसाठी (कोठडी मागायला) कोर्टात नेण्याच्या किमान दोन तास आधी. नाही दिली तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदेशीर.

चौकशीत स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही, कलम 20(3). पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आणि तपासात घेतलेल्या जबाबावर सही घेणं कायद्यातच नाही. कोऱ्या कागदावर तर अजिबात नाही.

काही लोक म्हणतात हे हक्क फक्त गुन्हेगारांच्या कामाचे. मनापासून सांगतो, हे चूक आहे. सप्टेंबर 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांनी हे कलम 22 (तेव्हा 15अ) घटना समितीत मांडलं कारण जीवित-स्वातंत्र्याच्या कलमातून "ड्यू प्रोसेस" (न्याय्य कायदेशीर प्रक्रिया) हे शब्द वगळले गेले होते आणि त्याची थोडीतरी भरपाई व्हायला हवी होती. पुढे आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली येरवड्यात, नाशिकरोडला माणसं विनाचौकशी डांबली, त्यात मास्तर होते, कामगार होते, विद्यार्थी होते, आणि 1976 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना दाद मागता येणार नाही म्हटलं, एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले. 44 व्या घटनादुरुस्तीनंतर कलम 20 आणि 21 आणीबाणीतही गोठवता येत नाहीत. पण एमपीडीए या महाराष्ट्राच्या कायद्यासारख्या प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला (गुन्हा करेल म्हणून आधीच डांबणं) हे 24 तास आणि वकील लागू नाहीत, ती पळवाट घटनेतच आहे, तेव्हा कागदावर कुठलं कलम लावलंय ते आधी बघा.

शेवटी कोर्ट. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मागे कॉन्स्टेबल उभा असतो, सवयीने तोंडातून "नाही" निघतं, आणि तेच रेकॉर्डवर लिहिलं जातं. मारलं असेल तर तिथेच सांगा, कुठे लागलंय ते दाखवा, मेडिकल मागा. वकील नसेल तर तेही तिथेच सांगा, कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नसते. घरच्यांनी 15100 ला (मोफत कायदेशीर मदतीची हेल्पलाइन) फोन करावा किंवा जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जावं, जाताना एफआयआरचा नंबर आणि स्टेशनचं नाव लिहून न्या.