राब पेरण्याआधी पिशवीवरचे दिवस वाचा

मृग दारात आला आणि दुकानासमोर बियाण्याला गर्दी झाली. जो तो विचारतो, "जास्त उतार (उत्पन्न) कुठल्या जातीला?" किती दिवसांची, हे कोणी विचारत नाही. कोकणात भात पावसाने जातो, तुडतुड्याने जातो, पण सगळ्यात हकनाक जातो तो वरच्या हलक्या खाचरात लावलेला गरवा, म्हणजे उशिरा पिकणारा भात.

हिशेब करा. १४० दिवसांचा गरवा १० जूनला पेरला तर निसवतो (लोंबी बाहेर टाकतो) सप्टेंबरअखेर. पुढचा महिनाभर दाणा भरायला ओल हवी. पाऊस मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाय काढतो, आणि जांभ्याच्या उथळ जमिनीला आठवड्यात भेगा पडतात. शेजारच्या वाडीत एका दिवाळीला असंच शेत पाहिलं. भरलेली लोंबी वाकते, ही ताठ उभी. चोळून तळहातावर फुंकर मारली, सगळी पळींज (पोकळ दाणे) उडाली. त्या गृहस्थाने दुकानदाराच्या सांगण्यावरून टॉनिकच्या तीन बाटल्या फवारल्या होत्या. पाण्याची तहान बाटलीने भागते होय?

जमीन ओळखायची माझी खूण पुस्तकात नाही. दसऱ्याच्या सुमारास खाचरात टाच रोवा. खळगीत पाणी झिरपलं तर गरवा चालेल, नुसती ओल दिसली तर निमगरवा (मध्यम मुदतीचा), माती भुरभुरली तर हळवाच (लवकर पिकणारा). यंदासाठी गेल्या दसऱ्याला खाचर कसं होतं ते आठवा.

कुठल्या जमिनीला कुठली जात :
माळ, वरकस (उथळ, हलकी) : कर्जत-३, कर्जत-१८४, रत्नागिरी-१ (हळव्या)
मधली खाचरं : जया, कर्जत-५ (निमगरव्या)
खोल मळे, पाणथळ : कर्जत-२, रत्नागिरी-२ (गरव्या)
खारवट : पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३

उलटी चूकही होते. खोल मळ्यात हळवा लावला की तो पाण्यात उभा असतानाच पिकतो, आडवा पडतो आणि लोंबीतच मोड येतात. पण यात निदान काही पोती घरी येतात. माळावरच्या गरव्यात पेंढाच.

खताचंही तसंच. सुधारित जातींना कृषी विद्यापीठाची मात्रा हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश. गुंठ्याला साधारण युरिया २.२ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट ३.१ किलो, पोटॅश ८०० ग्रॅम. सुपर फॉस्फेट आणि पोटॅश शेवटच्या चिखलणीला. जांभ्याची आम्ल माती स्फुरद धरून ठेवते, म्हणून वरवर फेकू नका, चिखलात मिसळा. युरियाचे तीन हप्ते: लावणीला ४० टक्के, फुटव्याला ४०, लोंबी पोटात धरताना २०. हलक्या जमिनीत तर एकदम टाकूच नका, पाण्याबरोबर खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात जातो. त्याचा भात हिरवागार, तुमचा पिवळा, आणि दुकानदार म्हणतो, "झिंकचं किट घ्या."

नियंत्रित (ठरावीक अंतरावर) लावणी करणार असाल तर युरिया-डीएपी ब्रिकेट उत्तम: चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध एक गोळी, चिखलात खोल, गुंठ्याला १.७ किलो. मग वेगळा युरिया नको. चिखलणीला गुंठ्यामागे ३० किलो गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला गाडा. तो बांधावर फुकट मिळतो, म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही.

बाकीची कामं :
- बी मिठाच्या पाण्यात बुडवणं (१० लिटरला ३०० ग्रॅम), तरंगणारं काढणं, उरलेलं धुऊन सुकवणं
- थायरम (बुरशीनाशक) बियाण्याच्या किलोला ३ ग्रॅम चोळणं
- राब (रोपवाटिका) : लागवडीच्या एक दशांश जागा
- रोप २१ ते २५ दिवसांचं, चुडात २-३ काड्या

वरच्या खाचरासाठी गरव्याचा राब पडून गेला असेल तर ती रोपं खालच्या मळ्यात न्या आणि वर लावायला हळव्याची रोपं कुणाकडे उरतील का, आजच विचारून ठेवा. नाहीच मिळाली तर सप्टेंबरच्या मध्यापासून रोज बांधावर फिरा आणि खेकड्यांची बिळं चिखलाने बुजवा. एका बिळातून रात्रीत खाचर रितं होतं.