‘गभरामण’ म्हणजे भीती नव्हे: बडोद्यातल्या मराठी क्लायंटबरोबरच्या पहिल्या तीन बैठका

समुपदेशनाच्या पहिल्याच बैठकीत क्लायंटला “कुठल्या भाषेत बोलू या?” असं विचारलंत तर “कुठलीही चालेल” हे उत्तर ठरलेलं. ती भीड असते. त्यापेक्षा विचारा: पैसे कोणत्या भाषेत मोजता? आजीशी कशात बोलता? चिडल्यावर तोंडातून काय निघतं? पुढे बोलता बोलता भाषा बदलली तर बदलू द्या, फक्त कोणत्या विषयावर बदलली ते टिपून ठेवा. वडिलांबद्दल मराठीत बोलणारी मुलगी स्वतःच्या प्रेमाबद्दल इंग्रजीत शिरली, तर परक्या भाषेचा आडोसा तिला हवा असू शकतो. लगेच “मराठीत सांग” म्हणू नका.

शब्द कानावर पडला तसाच लिहा. “मला गभरामण होते” यातला शब्द गुजराती आहे. त्यात कोंडल्यासारखं वाटणं, जीव कासावीस होणं येतं. वहीत ‘भीती’ लिहिलंत की पुढचे सगळे प्रश्न कशाची भीती याच वाटेने जातात. सांगताना हात छातीवर जातो की गळ्यावर ते पाहा, कुठे असताना होतं ते विचारा. छातीत कळ किंवा दम लागणं असेल तर आधी डॉक्टरकडे पाठवा.

दुसऱ्या बैठकीत मोठ्या कागदावर तीन पिढ्यांची वंशवेल काढा: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. प्रत्येकापुढे गाव, घरातली भाषा आणि बडोद्यात येण्याचं कारण लिहा. सगळे गायकवाडांच्या फौजेबरोबर आले असं धरून चालू नका. कुणी विद्यापीठामुळे आलं, कुणी 1965 साली सुरू झालेल्या कोयलीच्या रिफायनरीमुळे. जन्मसालही लिहा. संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात गेलं आणि 1960 मध्ये गुजरात वेगळं झालं, त्यामुळे एकाच वाड्यात आजोबा बडोदे संस्थानात, वडील मुंबई राज्यात आणि नात गुजरातेत जन्मलेली असू शकते. “आम्ही नक्की कुठले?” या प्रश्नाला हा कागद बऱ्याचदा आकार देतो. मात्र आडनावावरून जात ओळखायला जाऊ नका. गायकवाड मराठाही असतात, बौद्धही.

डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत (2013) सांस्कृतिक मुलाखतीचे 16 प्रश्न आहेत. 8 ते 10 क्रमांकाचे प्रश्न पार्श्वभूमी आणि ओळखीबद्दल. तिसऱ्या बैठकीत ते घ्या, पण फॉर्म भरल्यासारखे वाचू नका. “तुमची ओळख काय?” याला नाव-गाव मिळतं. “पुण्याच्या नातेवाइकांत काय सांभाळून बोलता? इथल्या मित्रांत काय लपवता?” याला खरं उत्तर येतं.

क्लायंट तुम्हाला ‘काकू’ म्हणू लागली तर सुखावू नका. काकूपासून जे लपवायचं ते तीही लपवील. नावाने हाक मारायला सुचवा.

आणि सगळंच संस्कृतीच्या खात्यावर टाकू नका. दोन आठवडे बहुतेक रोज उदास वाटणं, झोप-भूक बिघडणं, कशातच रस न उरणं असेल तर नैराश्याची रीतसर तपासणी करा. जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून द्या.