शाळेच्या जेवणात सेंद्रिय अन्न : सुरुवात डाळीपासून

इंदूरमधल्या एखाद्या शाळेत मुलांना सेंद्रिय अन्न मिळावे असे पालकांनी ठरवले, की पहिला विचार हटकून पालेभाजीचा होतो. माझ्या मते सुरुवात तूरडाळीने करावी. पालेभाजी रोज ताजी लागते आणि पावसाळ्यात एक दिवस जरी शेतातून निघाली नाही, तरी सगळे स्वयंपाकघर अडून बसते; डाळ मात्र दोन-तीन महिन्यांची एकदम भरता येते आणि तिचा भाव आधीच ठरवता येतो.

शाळेत जेवण कोणाकडून येते, हे आधी पाहावे. सरकारी शाळांत, पूर्वी मध्यान्ह भोजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि 2021 पासून 'पीएम पोषण' नाव मिळालेल्या योजनेचे गहू-तांदूळ भारतीय अन्न महामंडळाकडून येतात, त्यामुळे तिथे पालकांना खरा वाव परसबागेत आणि तिथिभोजनात, म्हणजे सणावाराला किंवा वाढदिवसाला लोकांनी स्वतःहून दिलेल्या जेवणात, मिळतो. जिथे शाळेचे स्वतःचे स्वयंपाकघर आहे, तिथे व्यवस्थापन आणि ठेकेदार या दोघांनाही एकाच बैठकीला बसवावे, नाहीतर निरोप पोचवण्यातच सत्र संपते.

मग हिशेब मांडावा. पीएम पोषणाच्या प्रमाणानुसार उच्च प्राथमिक वर्गातल्या मुलाला रोज 30 ग्रॅम डाळ आणि 75 ग्रॅम भाजी लागते, म्हणजे 150 मुलांना साडेचार किलो डाळ, आणि महिन्याचे 20 दिवस धरले तर 90 किलो. हा आकडा हातात असला की शेतकऱ्याशी बोलणे सोपे होते, कारण पेरणीपूर्वीच त्याला हमी देता येते. माळव्यात खरिपात बहुतेक रान सोयाबीनखाली असते. त्यामुळे आयत्या वेळी तूर शोधत फिरलात तर मिळेल त्या भावाने घ्यावी लागते.

'आमच्याकडे औषध मारत नाहीत' एवढ्या तोंडी शब्दावर विसंबू नये. सेंद्रिय शेतीला प्रमाणपत्र देणाऱ्या 'पीजीएस-इंडिया' या सरकारी पद्धतीत परिसरातले किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. त्या गटाचे प्रमाणपत्र मागावे. त्यावर 'पीजीएस-ग्रीन' असेल तर शेत अजून रासायनिककडून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात आहे. असा माल घेण्यास हरकत नाही, फक्त पालकांना तो पूर्ण सेंद्रिय म्हणून सांगू नये.

आता साठवणीविषयी, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. एका शाळेसाठी डाळ आणवली, पोती तशीच भिंतीला टेकवून ठेवली आणि तीन आठवड्यांनी स्वयंपाकाच्या मावशींनी पाखडायचे सूप माझ्यासमोर धरले. डाळीपेक्षा भुंगेच जास्त वळवळत होते. तेव्हापासून डाळ कडक उन्हात वाळवून, झाकणाच्या कोरड्या कोठीत, कडुनिंबाच्या सुकल्या पानांसह भरण्याचा नियम केला. दुसरी गोष्ट म्हणजे ती डाळ पॉलिश नसलेली होती आणि शिजायला वेळ घेत होती. म्हणून मावशींना ती तासभर आधी भिजवायला सांगावे, नाहीतर पहिल्याच दिवशी वरण कच्चे राहते आणि दोष सेंद्रिय शेतीला जातो.

भाजीसाठी शाळेच्या आवारात एक कोपरा मिळाला तरी पुरतो. 150 मुलांना लागणारी 11 किलो भाजी रोज त्यातून निघणार नाही, पण मेथी, कोथिंबीर, शेवगा आणि कढीपत्ता मुलांच्या हातून नक्की येतात. खताची तर इंदूरला अभिमान वाटावा अशी परंपरा आहे: इंग्रज शेतीशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत जी खतपद्धत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. पालापाचोळा, शेण, गोमूत्र भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर रचावेत, ओल टिकवावी आणि ढीग अधूनमधून खालीवर करावा; साधारण तीन महिन्यांत खत तयार होते. स्वयंपाकघरातली सालेही त्यात जातात, मात्र तेलकट उष्टे घालू नये, उंदीर येतात.

जेवण वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखावे हा नियम आहेच. त्यासोबत टाकलेले उष्टे रोज तोलून वहीत लिहावे. पंधरा दिवस आकडा खाली येत नसेल तर आधी फोडणी बदलून पाहावी, शेतकरी नंतर.