ढेप घेण्याआधी मोडून पाहा

सोया डीओसीचा (तेल काढलेल्या सोयाबीन पेंडीचा) भाव चढला की घरी खाद्य मिसळणारे ब्रॉयलरवाले, म्हणजे मांसाच्या कोंबड्या पाळणारे, शेंगदाणा ढेपेकडे वळतात. वळायला हरकत नाही. प्रथिनं 40 ते 45 टक्के असतात. लायसिन, मिथिओनिन ही अमिनो आम्लं कमी पडतात, तेवढी वरून द्यायची. पण खान्देशात बॅच तोट्यात जाताना मी पाहिल्या त्या याच दिवसांत. परतीचा पाऊस चालू, मका नवा, आणि ढेपेची थप्पी शेडच्या कोपऱ्यात थेट जमिनीवर.

ओल लागली की बुरशी, आणि बुरशीतून अफलाटॉक्सिन. 1960 साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी असल्याच ढेपेने मेले, तेव्हा कुठे हे विष ओळखू आलं. ऊन दिलं तर बुरशी वाळते, विष तसंच राहतं. शिजवूनही जात नाही. आणि कोंबडी लगेच मरत नाही, तिथेच माणूस फसतो. वजन भरत नाही, काळीज (यकृत) पिवळट पडतं, लस नीट लागत नाही. मग दुकानदार लिव्हर टॉनिकची बाटली काढतो. ते पैसे ताडपत्री आणि लाकडी फळ्यांवर घाला, भाऊ.

ढेपेची खापरी (तुकडा) कडकन मोडली नाही, तर मी ती ढेप घेत नाही. हा माझा अंदाज, प्रयोगशाळा नव्हे. मक्यासाठी कोरड्या काचेच्या बरणीत दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवा, पाव तास थांबा. मीठ काचेला चिकटलं तर मका ओला आहे, भरू नका.

- खाद्यात ओलावा: 11 टक्क्यांच्या आत
- अफलाटॉक्सिन: 20 पीपीबीच्या (अब्ज भागांत 20 भाग) आत
- प्रथिनं, पक्ष्याच्या वयानुसार पहिल्या खाद्यापासून शेवटच्यापर्यंत: प्री-स्टार्टर 23, स्टार्टर 22, फिनिशर 20 टक्के
- थप्पी: फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब
- कच्चं सोयाबीन: भाजल्याशिवाय नाही

सरकी ढेप आपल्याकडे मुबलक, पण तिच्यात गॉसिपॉल हे सरकीतलं विषारी द्रव्य आणि चोथा. पिल्लांना नकोच.

एकदम मर लागली तर पक्षी घरी फाडू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नवापूरचा 2006 चा बर्ड फ्लू आपण विसरलेलो नाही.

आणि काळी पडलेली गोणी 'वाया कशाला' म्हणून म्हशीपुढे टाकू नका. ते विष दुधात उतरतं.