सस्पेन्शन सीटपोस्ट मागवण्याआधी

सस्पेन्शन सीटपोस्ट म्हणजे सायकलच्या सीटखालची, दणके शोषणारी दांडी. ती मागवण्याआधी टायरमधली हवा तपासा. हवा गरजेपेक्षा जास्त असेल तर कुठलीही पोस्ट लावा, दणके बसणारच. सीटचा कल आणि उंची एव्हाना जमलेली असेल असं धरून पुढे जातो.

व्यास जुन्या पोस्टवर मिळतो. ती बाहेर काढा, खालच्या भागात आकडा कोरलेला असतो: २७.२, ३०.९ किंवा ३१.६ मिमी, हे नेहमीचे. फ्रेमची नळी बाहेरून मोजून अंदाज बांधू नका. पोस्ट बारीक असेल तर शिम (मधली पातळ नळी) घालून बसवता येते, जाड असेल तर काहीच करता येत नाही.

आता उघडी उंची. सीटखालच्या रेल्सपासून (सीटच्या दोन सळ्या) फ्रेमच्या क्लॅम्पपर्यंत (पोस्ट आवळणारी कडी) जुनी पोस्ट किती बाहेर दिसते, ते पट्टीने मोजा आणि लिहून ठेवा. सस्पेन्शनची यंत्रणा याच भागात असते आणि ती फ्रेमच्या आत जात नाही. बऱ्याच पोस्टना साधारण १० सेंमी जागा लागते. नेमका आकडा त्या मॉडेलच्या तपशिलात दिलेला असतो. तुमच्याकडे ७ सेंमीच असतील तर पोस्ट पूर्ण आत ढकलूनही सीट वरच राहणार आणि पाय पेडलला पुरणार नाहीत. उंची कमी असलेल्यांनी आणि आडवी वरची नळी असलेली रोड बाईक चालवणाऱ्यांनी तर हे दोनदा मोजावं. व्यास जुळला म्हणजे पोस्ट बसली, असं होत नाही. बसल्यावर स्प्रिंग थोडी दबते, पण त्या भरवशावर राहू नका. खोकं उघडल्यावर हे कळून उपयोग नाही, म्हणून मोजा.

प्रकार दोन. टेलिस्कोपिक स्वस्त आणि सरळ खाली-वर होणारी. वापराने तिच्यात खुळखुळ येते. पॅरलेलोग्राममध्ये जोडदांड्यांवर सीट मागे आणि खाली जाते, त्यामुळे लहान हादरेही विरतात. ओळीने येणाऱ्या रंबलरांवर मी हीच घेईन. कार्बनची साधी पोस्टही लवचीक असते, पण ती लवते बाहेर राहिलेल्या भागात. म्हणजे पुन्हा तेच: उघडी उंची किती आहे?

स्प्रिंग किंवा इलॅस्टोमर (रबरासारखा ठोकळा) वजनाच्या तक्त्यावरून निवडा, पाठीवरची बॅग धरून. मऊ निवडलं तर चोर्ला घाटाच्या चढावर प्रत्येक पेडलला सीट डोलते. कडक निवडलं तर पैसे वाया.

बसवताना ॲल्युमिनियमच्या पोस्टला ग्रीस हवंच. आपल्याकडचा पाऊस आणि खारी हवा यांत कोरडी ठेवली तर ती फ्रेममध्ये जाम होते, स्टीलच्या फ्रेममध्ये तर नक्कीच, आणि मग ओढूनही निघत नाही. कार्बनला ग्रीस नको, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट. पोस्टवरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे, नाहीतर पोस्ट मोडते किंवा फ्रेम चिरते.

सीटची उंची नव्याने, सीटवर बसून लावा. सीट बॅगचा पट्टा यंत्रणेत अडकत नाही ना, पाहा. पावसाळ्यात सांधे पुसून तेल द्या. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळा, पोस्टवर लिहिलेल्या टॉर्कइतकेच (आवळण्याचा जोर).