काळ्या मातीतला मांडव: द्राक्षबागेचा अँगल, तुराट्या आणि टॉवेलच्या पट्ट्या

आमच्या सोलापुरात वेलाचा मांडव मोडतो तो बहुतेक पायातून. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस झाला की तीच माती फुगते. या ओढाताणीत खांब सैल होतो. त्यात दोडक्याचा भरलेला वेल पावसाने ओला झाला आणि वारं सुटलं, तर सगळं आडवं. म्हणून मांडवाच्या कामातला निम्मा वेळ मी खड्ड्यांनाच देते. तुम्हीही द्या.

आधी सामान. नान्नज, मार्डी हा आपला द्राक्षाचा पट्टा. नान्नजच्याच नानासाहेब काळे यांनी सोनाका ही जात दिली. या भागात जुनी बाग काढली की लोखंडी अँगल, म्हणजे काटकोनी पट्टीचे खांब, आणि तार भंगारात किलोवर जाते. माझा भाऊ मार्डीला असतो, तो असं काही निघालं की मला फोन करतो. तुमचं शेताशी नातं नसेल तर भंगारवाल्याला सांगून ठेवा. आठ फुटी अँगल घ्या. घेताना जमिनीलगतचा भाग हातोडीने ठोकून बघा, कारण गंज तिथेच सगळ्यात जास्त खातो. पापुद्रे निघाले तर तेवढा तुकडा कापून टाका आणि खांब उलटा करून चांगली बाजू मातीत घाला.

बारा फुटांच्या ओळीला तीन खांब पुरतात, सहा-सहा फुटांवर. ओळ दक्षिणोत्तर धरली तर दोन्ही बाजूंना ऊन मिळतं. कंपाउंडच्या भिंतीपासून दीड-दोन फूट सोडा. एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार तापलेली भिंत रात्रीही धग सोडते आणि कोवळे शेंडे करपतात.

आता खड्डा. पहारीने दोन फूट खोल, फूटभर रुंद. खाली मुरूम लागला तर उत्तमच, त्यात खांब घट्ट बसतो. नाही लागला तर तळाला तीन-चार इंच दगडगोटे टाका, खांब उभा करा, ओळंबा धरा. मग निघालेली काळी माती परत खड्ड्यात घालायची नाही, ती वाफ्यात जाऊ द्या. खड्ड्यात मुरूम आणि विटांचे तुकडे. अर्धा फूट भरलं की थोडं पाणी शिंपडून पहारीच्या बोथट टोकाने ठेचायचं, मग पुढचा थर. एकदम भरून वरून पाय दिला तर आत पोकळी राहते. वरती थोडा उंचवटा ठेवा, म्हणजे पाणी बुडाशी साचत नाही. बरेच जण फूटभर खड्ड्यात सिमेंट ओततात. मला ते पटत नाही. फुगणारी माती तो गोळाच वर ढकलते.

कडेचे दोन खांब बाहेरच्या बाजूला किंचित कलते ठेवा आणि त्यांना जमिनीत पुरलेल्या मोठ्या दगडाचा तारेने ताण द्या. द्राक्षबागायतदार असंच करतात. वळवाच्या वाऱ्यात मांडव टिकतो तो या ताणांवर.

वरून एक तार, कमरेच्या उंचीवर दुसरी. बारा गेजची पुरे. जुन्या तारेला पीळ असतात. एक टोक कडुलिंबाच्या बुंध्याला बांधून ओढून सरळ करा. हातमोजे आणि चष्मा घाला, सुटलेली तार डोळ्यावर येते. जिथे पीळ पडून तार चेपली आहे तिथे ती नंतर तुटणारच, तो भाग वापरू नका.

उभ्या आधाराला तुराट्या. आपल्याकडे तूर झोडपली की ढीग पडलेले असतात. बोटभर जाडीच्या, वरच्या तारेपर्यंत पोचतील एवढ्या लांब निवडा आणि वीत-वीत अंतरावर सुतळीने दोन्ही तारांना बांधा. खालचं टोक जमिनीपासून चार बोटं वर ठेवा. मातीत खोचलेल्या तुराटीला वाळवी लगेच लागते. खरबरीत सालीवर दोडका, कारलं, वाल यांचा वेल छान धरतो. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या काठीवरून तो घसरतो.

वेल बांधायला सुतळी वापरू नका, कोवळ्या खोडाला काचते. आमच्या शेजारच्या अक्कांकडे टॉवेलचे माग आहेत, कडेच्या सुती पट्ट्या त्या पिशवी भरून देतात. मऊ आणि मजबूत. खांबाला एक आणि खोडाला एक असा आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्या. अँगलची धार घासते तिथे ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा उभा चिरून बसवा.

दुधी भोपळ्याला असा उभा मांडव नको, त्याला डोक्यावर सपाट छत हवं, म्हणजे फळं मोकळी लोंबतात आणि सरळ वाढतात. तोंडली वर्षानुवर्षं राहते, तिला तुराट्यांऐवजी तारेची जाळीच द्या.

दोन गोष्टी घरात आणू नका: कीटकनाशकाचे रिकामे डबे, धुतलेले असले तरी. आणि सिमेंटचे जुने पत्रे. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं, कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते.

बी मृगाचा पाऊस झाला की लावा, दोन वेलांत दोन-अडीच फूट. हंगाम संपला की वेल सोडवत बसू नका. सुतळ्या कापा, तुराट्यांसकट सगळं खाली घ्या, तुकडे करून खताच्या खड्ड्यात टाका. पॉलिस्टरची पट्टी असेल तर ती मात्र वेचून काढा, ती कुजत नाही. खांब आणि तार तशीच राहू द्या, नव्या तुरीच्या तुराट्या आल्या की पुन्हा बांधायच्या.